महालातली सभा आणि टॉर्चमधले सेल

माझ्या वडिलांना माझी पहिली नोकरी समजली होती. दुसरी शेवटपर्यंत समजली नाही.

पहिली सोपी होती. सहायक सरकारी वकील. काळा कोट, गळ्याशी पांढरे पट्टे, सायकलच्या कॅरिअरवर दोरीनं बांधलेल्या फाइली. वडील कापडगिरणीत कातणखात्यात होते. पाळी संपली की जरीपटक्याच्या बाजारात मुद्दाम थांबायचे आणि कोणी विचारो न विचारो, सांगायचे, "माहा पोरगा सरकारकडून भांडते." आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कोणी गेलं नव्हतं. आम्ही धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. घरातला देव्हारा निघाला आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात वडिलांनी माझ्यासाठी टेबल आणून ठेवलं. त्या टेबलावर मी बी.ए. झालो, एलएल.बी. झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसरी नोकरी मी चाळिशीच्या उंबरठ्यावर धरली. ऐंशीचं दशक उजाडलं होतं. ऑफिसांतून कॅल्क्युलेटर दिसू लागले होते आणि कॉम्प्युटर येणार, येणार अशी हवा होती. सरकारी नोकरी सोडून मी एका संशोधन संस्थेत गेलो. काम असं, की सरकारात एखादं नवं यंत्र येतं तेव्हा कायदा कुठं तोकडा पडतो, यंत्र चुकलं तर जबाबदार कोण, ते बरोबर चाललं आहे हे ठरवणार कोण, याचा अभ्यास करायचा.

"म्हणजे तू मशीन दुरुस्त करतं का?" वडिलांनी विचारलं.

"नाही बाबा."

"चालवतं?"

"नाही."

"इकतं?"

"नाही हो."

"मंग पगार कायचा घेतं गा?"

याचं धड उत्तर मला कधी देता आलं नाही. पण हा नाद मला कुठं लागला, ते सांगता येईल. एका खटल्यात लागला. त्यासाठी दहाएक वर्षं मागं जावं लागेल.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. उन्हाळा होता आणि महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका भागात नळाला पाणी नव्हतं. बाया हंडे घेऊन गल्ल्या पालथ्या घालत होत्या. शेवटी लोकांनी चौकात सभा घेतली. अध्यक्ष म्हणून बसवलं ते तिथल्याच प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना. मास्तर भले गृहस्थ, पन्नाशीकडे झुकलेले, आणि आवाज असा खर्जातला, की शाळेत त्यांनी "सावधान" म्हटलं तर मागच्या गल्लीतला पानवाला ताठ बसायचा. सभेच्या सुरुवातीला शाळेच्या मुलांनी पाण्यावरचं गाणं म्हटलं, मास्तरांनी पेटी धरली. मग भाषणं झाली. भाषणांच्या मध्येच लाउडस्पीकरवरून एक वाक्य आलं: "काचा फोडल्याशिवाय नळाले पाणी येत नाही!" सभा संपल्यावर जमावातली काही माणसं शेजारच्या गल्लीतल्या पाण्याच्या ऑफिसवर गेली आणि खरोखरच काचा फोडल्या.

वाक्य मास्तर बोलले, असा पोलिसांचा आरोप. लोकांना चिथावलं म्हणून खटला झाला आणि मास्तर शाळेतून निलंबित झाले. खटला चालवायचं काम माझ्याकडं आलं.

माझ्याजवळ दोन पुरावे होते. एक हवालदार आणि एक टेपरेकॉर्डर. सभेत शॉर्टहँड घेणारा माणूस पाठवायची जुनी पद्धत होती, पण त्याच सुमारास ठाण्यात सेलवर चालणारं हे नवं मशीन आलं होतं आणि ते हवालदाराच्या गळ्यात अडकवून त्याला सभेला पाठवलं होतं. मला फार आनंद झाला. साक्षीदार फिरतो, पंच फितूर होतो. मशीन कशाला फितूर होईल?

कोर्टात आम्ही टेप लावली. आधी मुलांचं गाणं आलं, ते चिमण्यांचा थवा उडाल्यासारखं. मग ते वाक्य आलं. नाकातून, घाईघाईनं, किनऱ्या आवाजात. एखाद्या चवथीतल्या पोरीनं कविता म्हणावी तसं. "काचा फोडल्याशिवाय नळाले पाणी येत नाही!"

कोर्टात सगळे मास्तरांकडं पाहू लागले. मास्तर आरोपीच्या पिंजऱ्यात, सहा फुटांचे.

मागून कोणीतरी म्हटलं, "मास्तर लहानपणी बोलले असतीन!"

कोर्ट हसलं. बेलीफ हसला. मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याकडचे, बोलायला मोजके, त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि मग मला विचारलं, "सरकारी वकील, हा आवाज आरोपीचा आहे, असं आपलं म्हणणं आहे?"

"होय साहेब," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मला तो आरोपीच्या नातीचा वाटला," ते म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

आमच्या ऑफिसचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, ते भडकले. "टेप मागं घे. हवालदाराची साक्ष पुरे आहे. मशीन म्हणजे नवी सून. आल्या दिवशीच तिच्या हातचं साऱ्या गावाला वाढायचं नसतं."

सल्ला वाईट नव्हता. पण मला झोंबलं ते वेगळंच. मशीननं असं का केलं? ते खोटं तर बोलणार नाही. मग खरं बोलताना त्याचा आवाज असा का झाला?

मी हवालदाराला कोर्टाच्या कँटीनमध्ये गाठलं. त्याच्यासमोर चहा आणि तर्री-पोहे ठेवले आणि सभेत काय काय झालं ते विचारलं. तो लिंबाच्या झाडामागं उभा होता. झाडाला लाउडस्पीकरचा कर्णा टांगलेला, समोर गर्दी. स्टेज दिसत नव्हतं, आवाज तेवढा येत होता.

"मग मास्तरच बोलले, हे कशावरून?"

"अध्यक्ष तेच होते ना साहेब. सभेत जे होते ते अध्यक्षाच्याच नावावर राह्यते."

"बरं, मशीनमध्ये सेल कोणते होते?"

हवालदारानं पोह्यातला चमचा थांबवला. "हे कायले विचारून राहिले तुम्ही?"

"सांगा ना."

"रागावू नका, साहेब. नवे सेल मशीनसंगं भेटले होते. ते मी माह्या टॉर्चमधी टाकले अन् टॉर्चमधले मशीनमधी. मशीनले काय, घडीभराचं काम. मले बिटावर रातभर फिरा लागते. अंधारात कोणी टाळक्यात हाणलं तर मशीन येईन का वाचवाले?"

त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

"अन् मशीन मी सारा वेळ चालू नाही ठेवलं," तो समजावून सांगू लागला. "सेल वाचवाले म्हणून. गाणं घेतलं, बंद केलं. कामाचं कोणी बोललं का चालू, थांबलं का बंद."

घरी येऊन मी मेहुण्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. सकाळची वेळ. पिवळा उजेड देणारे, म्हणजे मरायला टेकलेले सेल टॉर्चमधून काढून मशीनमध्ये घातले आणि बायकोला म्हटलं, "काहीतरी बोल वं."

"काय बोलू? भाकरी थंडी होऊन राहिली, हे बोलू?"

तेच टेप झालं. मग नवे सेल घालून लावलं. बायकोचा आवाज चिमणीसारखा चिवचिवत बाहेर आला. ती हसून हसून ओट्याला टेकली. आता उलटं करून पाहू म्हटलं. नव्या सेलवर तिचं बोलणं टेप केलं आणि मरके सेल घालून ऐकलं. खोलीत एक जाडजूड पुरुष, रेंगाळत, भरल्या घशानं बोलू लागला: "भा...करी थं...डी होऊन..."

पलीकडच्या खोलीतून वडील उठून आले. "कोण बुवा जेवाले आला आहे गा?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गणित सरळ होतं. टेप करताना सेल थकलेले असले तर फीत हळू फिरते. मग ती नेहमीच्या वेगानं लावली की आवाज बारीक निघतो. म्हणजे मास्तरांच्या टेपचा वेग कमी केला की आवाज जाड होणार. अजून कमी केला की अजून जाड. कुठंतरी तो मास्तरांचा होईलच. खटला जिंकायला मला एवढं पुरत होतं.

पण जरा अलीकडं थांबवलं तर तो दुसऱ्या कोणाचा झाला असता. माझा झाला असता. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा झाला असता. कुठं थांबायचं, हे मशीन सांगत नव्हतं. ते मी ठरवणार होतो आणि नाव मशीनचं होणार होतं.

मी कोर्टाला अर्ज दिला की टेपची शास्त्रीय तपासणी व्हावी, दोन्ही बाजूंच्या देखत. मोठे साहेब म्हणाले, "तू सरकारचा वकील आहेस की मास्तरचा?" मी म्हटलं, "टेपचा."

तपासणीसाठी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाई तयार झाल्या. बाई पातळाचा पदर खोचून मशीनचं पोट उघडणाऱ्या. त्यांनी मोटारीला एक गोल कळ जोडली. फिरवली की फितीचा वेग कमीजास्त होई. प्रयोगशाळेत आम्ही जमलो: बाई, मी, मास्तर आणि मास्तरांचे वकील.

सुरुवातीला बाईंनी नमुना म्हणून मास्तरांचा आवाज नव्या सेलवर टेप केला आणि लगेच ऐकवला.

मास्तरांनी मान हलवली. "हा मी नाही."

"अहो मास्तर, आत्ता आमच्या डोळ्यांदेखत बोललात!" बाई म्हणाल्या.

"असन. पण हा मी नाही. मी असा खरखरीत कुठं बोलतो?"

बाईंनी मग आपला आवाज टेप करून ऐकला आणि म्हणाल्या, "मलाही माझा आवाज असा नाही वाटत. माणूस स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकतो ना. बाहेरून ऐकला की परका वाटतो." मी हे टिपून ठेवलं नाही, पण विसरलोही नाही. आजवर कोर्टात जो जो म्हणाला होता की हा माझा आवाज नव्हे, त्याला आम्ही हसलो होतो. आणि आता मास्तरांच्या "मी नाही" याची किंमत शून्य झाली होती. खरा आवाजही ते नाकारत होते.

"मग वेग ठरवायचा कशानं?" मी विचारलं.

मास्तरच म्हणाले, "पेटीनं ठरवा ना. टेपात गाण्यासंगं माझी पेटी आहे. पेटीचा सूर कुठं पळते? टेपातली पेटी अन् खरी पेटी एका सुरात आली का वेग बराबर."

बाईंनी टाळीच वाजवली. दुसऱ्या खेपेला मास्तर सायकलरिक्षातून पेटी घेऊन आले. बाई कळ फिरवत गेल्या, मास्तर पट्टी दाबून बसले. टेपमधली पेटी हळूहळू खाली उतरली आणि खऱ्या पेटीत मिसळली. त्याच वेगावर ते वाक्य लावलं. आवाज पुरुषाचा झाला होता, पण बारीकच. मास्तरांच्या खर्जाच्या कितीतरी वर.

मास्तरांचे वकील हात चोळू लागले. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वकिलाची जीभ. उलटतपासणीत विचारायचे नेहमीचे प्रश्न आपोआप तोंडाला आले.

"पेटी तीच ना, मास्तर?"

"तीच."

"मधल्या काळात दुसऱ्या कोणाच्या हाती गेली होती?"

मास्तरांचे वकील खोकले. मास्तर पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले होते. खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

"गेली होती," मास्तर म्हणाले. "दिवाळीत कारागिराकडं दिली होती. घरी गाणं शिकाले येणाऱ्या पोरांले खालची पट्टी झेपत नव्हती, म्हणून सारे सूर घासून थोडे चढवून घेतले."

"मास्तर!" त्यांचे वकील कळवळले.

"त्यांनी विचारलं ना गा."

बाईंनी हात कपाळाला लावला. पेटीच चढवलेली, म्हणजे तिच्याशी जुळवलेला वेगही चढाच. खरा वेग त्याहून कमी. आणि वेग कमी केला की आवाज जाड होणार, मास्तरांच्या दिशेनं सरकणार. वर बाईंनी आणखी एक सांगितलं: "आणि सेल मधे बंद ठेवले, की विसावा मिळून थोडे तरतरीत होतात. गाण्याच्या वेळचा वेग भाषणाच्या वेळी तोच होता, हेही धरता येत नाही." पेटी संपली.

जिन्यावरून उतरताना मी मास्तरांना म्हटलं, "हे बोलला नसता तर सुटला असता."

"आत्ताही सुटतो ना? टेप काही सांगत नाही, झाडामागचा हवालदार काही पाहत नाही. माझे वकील म्हणतात, संशयाचा फायदा नक्की."

"मग?"

"मग काय! संशयाचा फायदा घेऊन शाळेत गेलो का खात्याची चौकशी चालूच राहीन. अन् चौकशीचं सोडा. पोरं विचारतीन, सर, तुम्ही बोलले होते का? मी काय सांगू? कोर्टाले समजलं नाही म्हणू?" पेटी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मले 'तुम्ही बोलले नाही' असं लिहून पाहिजे. तेवढंच पाहिजे."

एवढं साधं मागणं. आणि ते पुरं करायचा कोणताही मार्ग त्या क्षणी माझ्याजवळ नव्हता.

मार्ग बाईंना सापडला, तोही टेप गुंडाळताना. त्यांनी मला निरोप धाडला, ताबडतोब या. मी सायकल हाणत गेलो. त्यांनी ते वाक्य लावलं आणि म्हणाल्या, "बोलणं ऐकू नका. बोलण्याच्या खालचं ऐका."

मी कान दिला. शब्दांच्या खाली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, अखंड एक गुणगुण होती.

"लाउडस्पीकरची आहे," बाई म्हणाल्या. "मशीन सेलवर होतं, पण लाउडस्पीकर विजेवर होता. कर्णा नुसता चालू ठेवला तरी त्यातून विजेची गुणगुण येते, ऐकलीय ना? ती विजेच्या हिशेबानं येते. सगळ्या गावात वीज एकाच ठेक्यानं चालते. भार वाढला की इकडंतिकडं होते थोडी, पण एवढी नाही, की कोणाचा आवाज बदलावा. आणि मुख्य म्हणजे, गुणगुण त्या वाक्याच्या अगदी खालीच आहे. मधे बंद नाही, चालू नाही."

"म्हणजे तोच लाउडस्पीकर आणायचा—"

"आणि टेपमधली गुणगुण त्याच्या गुणगुणीत मिसळेपर्यंत कळ फिरवायची. विजेचे सूर कोणी घासून चढवत नाही."

खरं सांगतो, कायद्याच्या पुस्तकानं मला असा आनंद कधी दिला नव्हता.

कोर्टात तो लाउडस्पीकर आला तेव्हा व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. महालातला मंडपवाला त्याचा डबा आणि कर्णा घेऊन स्वतः आला होता, नवा शर्ट घालून. कर्णा खिडकीत बांधला. चालू केला आणि कोर्टभर ती गुणगुण पसरली. बाईंनी टेप लावली, कळ फिरवू लागल्या. दोन गुणगुणी आधी एकमेकींना धक्के देत होत्या, वाँव-वाँव-वाँव. मग वाँव लांबत गेलं. मग इतकं लांबलं, की ते आहे की नाही तेच कळेना. शेवटी एकच गुणगुण उरली.

"आता," बाई म्हणाल्या.

वाक्य आलं. पुरुषाचं, तरुण, जरा घोगरं, श्वास लागलेलं. कोणाचं, ते ठाऊक नाही. पण कोणीही कान असलेल्या माणसानं त्याला मास्तरांचं म्हटलं नसतं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुलनेसाठी आरोपीनं हेच वाक्य याच लाउडस्पीकरवरून बोलावं. तेही टेप करा."

मास्तर माइकसमोर आले आणि गप्प उभे राहिले.

"बोला," साहेब म्हणाले.

"नाही बोलत."

"का?"

"साहेब, मी हे वाक्य बोललो नाही, म्हणून तर इथं उभा आहे. अन् आता तुम्हीच मले ते बोलाले लावता? उद्या दुसरा हवालदार हीच टेप घेऊन येईन."

व्हरांडा खदखदला. साहेबांनी आपल्या हातानं लिहून घेतलं की हे वाक्य आरोपी कोर्टाच्या आदेशावरून, केवळ तुलनेसाठी उच्चारत आहे. मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग माइकजवळ वाकले.

"काचा फोडल्याशिवाय नळाले पाणी येत नाही."

तो खर्ज खिडकीतल्या कर्ण्यातून सबंध आवारात घुमला. दुसऱ्या कोर्टाचा पट्टेवाला धावत आला, काय गडबड आहे बघायला. मोठे साहेब व्हरांड्यात होते; ते कोणाला तरी म्हणाले, "सरकारच्याच वकिलानं बोलायला लावलं बघा." पण हसत होते. हवालदारही एका कोपऱ्यात उभा होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, हा आवाज त्या दिवशीचा नोहे." मी म्हटलं, "हेच कोर्टाला सांगा." त्यानं सांगितलं. सेलचंही सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला झापलं नाही. उलट विचारलं, बिटावर दिवे का नाहीत?

निकाल लागला. त्याची नक्कल मिळायला मात्र वेळ लागला, आणि नक्कल हाती आल्याशिवाय शाळा मास्तरांना रुजू करून घेणार नव्हती. त्या दिवसांत मी एक टिपण लिहिलं. सभा टेप करायची असेल तर सेल पंचांसमोर नवे घालावेत. मधे मशीन बंद करू नये. आवाजासोबत एक ठरलेला सूर टेप करावा. आणि मशीन बरोबर आहे, हे मशीन वापरणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्या कोणीतरी तपासावं. टिपण वर गेलं आणि "नोंद घेतली" असा शेरा घेऊन खाली आलं. मी दुसरं लिहिलं, विजेच्या मीटरवर. मग तिसरं, बाजारातल्या काट्यांवर. मोठे साहेब म्हणाले, "तुला खटले चालवायचा पगार मिळतो, प्रश्न काढायचा नाही." ते बरोबर होतं. त्यातूनच पुढं मी प्रश्न काढायचा पगार देणारी जागा शोधली. पण ते नंतरचं.

नक्कल मिळायच्या दिवशी मास्तर कोर्टात आले. नक्कल-विभागाच्या खिडकीसमोर भली मोठी रांग होती. मीही कामानिमित्त तिथंच होतो, त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. कोर्टात तो तरुण आवाज निघाला तेव्हा मी मास्तरांकडं पाहत होतो. त्यांची मान किंचित वर झाली होती, वर्गात मागच्या बाकावरून कोणी बोललं की मास्तर लोकांची होते तशी. ते माझ्या मनातून जात नव्हतं.

"एक विचारू मास्तर? तो आवाज ओळखीचा वाटला का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्या मशीनले विचारा ना."

"मशीन फक्त एवढं सांगतं, की तुम्ही नव्हता."

"मंग पुरे झालं," मास्तर म्हणाले. "माझं तेवढंच काम होतं."

खिडकीतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. कारकुनानं कागद सरकवले आणि सही करायला सांगितलं. मास्तर सही करेनात. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, शेवटच्या पानावर बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि शाळेत धडा वाचतात तशी ती मोठ्यानं वाचली:

"सदर वाक्य आरोपीने उच्चारलेले नाही."

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "हो हो, बराबर आहे," कारकून म्हणाला, "सही करा ना गुरुजी, मागं लोक आहेत." मास्तरांनी ती ओळ पुन्हा एकदा, तेवढ्याच मोठ्यानं वाचली, आणि मग सही केली.